रिकाम्या गाळ्याचं बिऱ्हाड

१४ जून २०२५, शनिवार. दोन पेशंटच्या मधल्या वेळात इमारतीच्या ऑफिसातला मुलगा आला, वहीत सही घेतली आणि एक पाकीट ठेवून गेला. आत एकच पान. ‘मेंटेनन्स समायोजन, वर्ष २०२४-२५, देय रक्कम रुपये १,१२,३३६.’ भरायला पंधरा दिवस.

माझं फिजिओथेरपी सेंटर बडोद्यात अकोट्याच्या बाजूला एका व्यापारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. भाडं वेगळं आणि मेंटेनन्स वेगळा, असा करार. मेंटेनन्स १,०५० चौरस फुटांवर फुटामागे १२ रुपये, म्हणजे महिन्याला १२,६०० आणि वर जीएसटी. एकही महिना चुकला नव्हता. वर्षअखेर प्रत्यक्ष खर्चातला आपला हिस्सा आणि आपण भरलेले पैसे यांतला फरक मागतात, तेच हे समायोजन. आदल्या वर्षीही असंच एक पान आलं होतं, पण ते साडेतीन-चार हजारांचं. मी ते न वाचताच भरलं होतं. या वेळी रक्कम पाहून खुर्चीतच बसून राहिले.

त्यात जीएसटीचे १७,१३६ होते. शेजारचा कॉम्प्युटरचा व्यापारी म्हणाला, “त्याचं काय एवढं, क्रेडिट मिळतंच की.” त्याला मिळतं, म्हणजे ग्राहकांकडून घेतलेल्या जीएसटीतून तो स्वतः भरलेला वजा करू शकतो. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे मी पेशंटकडून तो घेत नाही, आणि म्हणूनच मी भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मला मिळत नाही. दवाखाने, क्लिनिकं यांच्या बाबतीत मेंटेनन्सच्या प्रत्येक शंभर रुपयांना खरोखर ११८ खिशातून जातात. भाड्याची जागा बघताना ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

रात्री जेवणं झाल्यावर बिल नानांपुढे ठेवलं. नाना म्हणजे माझे सासरे, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. बिल हातात आलं की ते आकड्यापासून सुरुवात करत नाहीत. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, “एकूण खर्च किती, ते लिहिलंय. पण भागलं कितीने?”

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. एकूण खर्च ७०,४०,००० रुपये. माझा हिस्सा ३.५ टक्के. म्हणजे २,४६,४००. त्यातून वर्षभरात भरलेले १,५१,२०० वजा, राहिले ९५,२००, त्यावर जीएसटी. नानांनी पेन्सिलीने उलटं गणित केलं. १,०५० हे ३.५ टक्के होण्यासाठी इमारत ३०,००० चौरस फुटांची हवी. “आणि आहे किती?” मला माहीत नव्हतं.

करार कपाटातून काढला. खरं सांगते, सही केल्यापासून तो मी उघडलाच नव्हता. सही करताना भाडं, डिपॉझिट, लॉक-इन (ठरावीक काळ जागा न सोडण्याची अट) आणि दरवर्षीची वाढ एवढंच वाचलं होतं. मेंटेनन्सचा परिशिष्टातला भाग चार पानांचा, इंग्रजीत, आणि त्यातली एक ओळ आम्ही दोघांनी तीनदा वाचली. भाडेकरूचा हिस्सा म्हणजे त्याच्या जागेचं इमारतीच्या ‘लीजेबल’ क्षेत्राशी असलेलं प्रमाण. लीजेबल, म्हणजे भाड्याने देता येण्याजोगं. बिलावर मात्र छापलं होतं ‘लीज्ड’ क्षेत्र, म्हणजे भाड्याने दिलेलं. इमारतीचं लीजेबल क्षेत्र कराराच्याच पहिल्या पानावर होतं, ४२,००० चौरस फूट. त्या हिशेबाने माझा हिस्सा अडीच टक्के.

एका शब्दाच्या शेपटाचा फरक, आणि वर्षाच्या खर्चात माझ्या नावावर एक टक्का जास्त. ७० लाखांचा एक टक्का.

नाना बराच वेळ गप्प होते. मग दांडिया बाजारातल्या वाड्याची गोष्ट निघाली. लग्नानंतर पहिली काही वर्षं ते आणि सासूबाई तिथे दोन खोल्यांत राहिले होते. वाड्यात नऊ बिऱ्हाडं. जिन्यातला दिवा आणि अंगण झाडणाऱ्या बाईचा पगार बिऱ्हाडावार वाटला जाई. पाण्याच्या मोटारीचं बिल मात्र माणशी. एकदा मधल्या खोल्यांतलं कुटुंब पुण्याला गेलं आणि ती जागा पाच-सहा महिने रिकामी राहिली. पहिल्या महिन्यात कोणीतरी म्हणालं, आता आठांत वाटा. मालकीणबाई स्वतः म्हणाल्या, “रिकाम्या खोलीचं बिऱ्हाड माझं.” आणि नववा हिस्सा त्या भरत राहिल्या. “दिवा काय, नऊ बिऱ्हाडं असोत की आठ, तेवढाच जळतो,” नाना म्हणाले. “जागा रिकामी राहिली हा त्यांच्या धंद्याचा भाग. तो आपण का भरायचा?”

मला लढायला हे एक वाक्य पुरेसं वाटलं. पुढे कळलं की त्या वाड्याच्या गोष्टीत अजून अर्धा भाग होता, आणि तो माझ्या बाजूचा नव्हता.

करारात आणखी एक कलम सापडलं. बिल मिळाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेऊन भाडेकरू हिशेबाची कागदपत्रं तपासू शकतो. तसं न केल्यास बिल मान्य केलं असं समजायचं. आदल्या वर्षीचं बिल त्यामुळे माझ्या हातातून गेलेलंच होतं. २० जूनला पत्र दिलं. तोंडी बोलून, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून भागलं असतं असं मॅनेजर म्हणाले, पण मी दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ची सही आणि शिक्का घेतला, आणि एक प्रत मालकांना स्पीड पोस्टाने पाठवली. पत्रात एवढंच लिहिलं की महिन्याचा मेंटेनन्स चालू राहील, समायोजनाच्या रकमेवर हरकत आहे, आणि हिशेबाचे कागद पाहायचे आहेत. चालू मेंटेनन्स थांबवायचा मोह झाला होता. बरं झालं आवरला. तो थांबवला असता तर करार मी मोडला असं झालं असतं, आणि मग हिशेबाचं बाजूलाच राहिलं असतं.

मॅनेजर वाईट माणूस नाहीत. त्यांचं पहिलं उत्तर होतं, “बेन, बधाज आपे छे.” सगळेच देतात. खरंच, तोवर बहुतेकांनी दिलंही होतं. तिसऱ्या मजल्यावरचे डोळ्यांचे डॉक्टर आणि क्लासवाले सर मात्र माझ्यासारखेच बिल हातात धरून बसले होते. पुढचं सगळं आम्ही तिघांनी मिळून केलं.

जुलैत दोन दुपारी तळघरातल्या ऑफिसात बसून फायली पाहिल्या. नाना बरोबर होते, हातात पट्टी आणि पेन्सिल. सुरक्षारक्षक १४,४०,०००. साफसफाई १०,८०,०००. जिने, लॉबी, पार्किंग, पंप यांची वीज १३,५०,०००. जनरेटरचं डिझेल ४,२०,०००. लिफ्टची देखभाल ३,६०,०००. आगीची यंत्रणा, पंप, टाक्या २,७०,०००. इमारतीचा विमा १,८०,०००. फुटकळ एक लाख. नवी लिफ्ट १२ लाख. या ६४ लाखांवर १० टक्के व्यवस्थापन शुल्क, ६,४०,०००.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खोटी पावती एकही नव्हती. रक्षकांची हजेरीवही आणि एजन्सीची बिलं जुळली. डिझेलच्या पावत्या आणि जनरेटरच्या तासांची वही जुळली. एजन्सीला दिलेला जीएसटी मालक क्रेडिट म्हणून घेतात आणि तोच खर्चात धरून आमच्याकडून पुन्हा वसूल करतात, असं तर नाही ना, हेही नानांनी विचारलं. नव्हतं, आकडे कराआधीचे होते. मी मनात चोरी पकडायची तयारी करून गेले होते आणि हिशेबनीस मुलगा इतका नीटनेटका निघाला की मला माझीच लाज वाटली. खर्च खरे होते. चूक वाटणीत होती, आणि ती कागदावर डोळ्यांना दिसत नाही, कारण बेरीज बरोबर असते.

३०,०००चा छेद कसा झाला ते तिथे कळलं. ४२,००० पैकी ७,००० चौरस फुटांचे गाळे वर्षभर रिकामे होते. उरलेले ५,००० तळमजल्यावरच्या मोठ्या सुपरमार्केटचे. त्यांचा करार वेगळा, मेंटेनन्स फुटामागे ६ रुपये ठरावीक, वर्षअखेर समायोजन नाही. मोठं दुकान आलं की इमारतीत माणसं येतात, म्हणून मालक त्यांना सवलत देतात. ती सर्रास पद्धत आहे, आणि आमच्या करारात अशी जागा छेदातून वगळायची मुभाही होती. पण त्याच कलमाच्या पुढच्या वाक्यात होतं की त्यांच्याकडून आलेली रक्कम एकूण खर्चातून आधी वजा करावी. ५,००० गुणिले ६ गुणिले १२, म्हणजे ३,६०,००० रुपये. ते वजा केलेच नव्हते. सुपरमार्केटची जागा खाली छेदातून काढली, पण त्यांचे पैसे वर अंशातून काढायचे राहिले. तेच साडेतीन लाख दोनदा जमा होणार होते, एकदा त्यांच्याकडून आणि एकदा आमच्याकडून. हिशेबनीस मुलाने स्वतःच कॅल्क्युलेटर दोनदा मारून पाहिला आणि काही न बोलता वहीत खूण केली. या मुद्द्यावर वाद झालाच नाही.

लिफ्टवर झाला. ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, ते बडोद्यात कोणीच विसरलेलं नाही. आमच्या तळघरात पाणी भरलं, विजेचं पॅनेल आणि एका लिफ्टचा खड्डा बुडाला. ती लिफ्ट जुनीच होती, दुरुस्त करण्यापेक्षा नवीन बसवली. मालकांचं म्हणणं, लिफ्ट तुम्हीच वापरता. आमचं म्हणणं, वापरतो, म्हणूनच देखभालीचे पैसे देतो. पण नवी लिफ्ट ही मालमत्तेत भर आहे, ती पंधरा-वीस वर्षं चालेल. माझा करार पाच वर्षांचा. मी गेल्यावर जो भाडेकरू येईल तो माझ्या पैशांच्या लिफ्टमधून वर जाणार? शिवाय त्या १२ लाखांवर १० टक्के व्यवस्थापन शुल्क, म्हणजे १,२०,०००, कशाचं? लिफ्ट कंपनीने आणून बसवली.

करार इथे मुका होता. त्यात ‘दुरुस्ती आणि देखभाल’ होतं, बदलाबद्दल काहीच नाही. मी वाचून गेले होते की अमेरिकेतल्या करारांत अशा भांडवली खर्चाबद्दल वेगळं कलम असतं. तिकडे ‘ट्रिपल नेट’ नावाचा प्रकार रूढ आहे. त्यात कर, विमा आणि देखभाल तिन्ही भाडेकरूवर येतात, तरीही मोठी यंत्रसामग्री बदलली तर तिची किंमत तिच्या आयुष्याच्या वर्षांत विभागून दरवर्षी थोडीच लावायची, असं बरेच भाडेकरू लिहून घेतात. मी तेच मागितलं.

आणि मग नानांनी विम्याची फाइल मागितली. हे मला सुचलं नसतं. “विम्याचा हप्ता १,८०,००० आमच्या खर्चात आहे. मग पुराचा दावा?” दावा मंजूर झाला होता. जुन्या लिफ्टचा घसारा कापून ४ लाख मालकांच्या खात्यात आले होते, मार्चमध्ये. मॅनेजर म्हणाले, ते वेगळ्या खात्यात आहेत. नाना शांतपणे म्हणाले, “साहेब, छत्री आम्ही विकत घेतली, तर पाऊस लागला तेव्हा ती आमच्याही डोक्यावर हवी.” खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मला नानांचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

मालकांबरोबरची बैठक २ ऑगस्टला झाली. मी तयारीने गेले होते, प्रत्येक खर्च ४२,०००ने, नाहीतर सुपरमार्केट सोडून ३७,०००ने भागायचा, असं लिहून. मालकांनी बऱ्याच गोष्टी ऐकून घेतल्या आणि मग एकच विचारलं. डिझेलचं काय? वीज गेली की जनरेटर तुमच्या क्लिनिकला, डॉक्टरांना, क्लासला वीज देतो. रिकाम्या गाळ्यात एकही पंखा फिरत नाही. सुपरमार्केटचा जनरेटर स्वतंत्र आहे. मग रिकाम्या गाळ्यांच्या वाट्याचं डिझेल मी का भरू?

मला उत्तर सुचेना. आणि नानांकडे पाहिलं तर ते मान डोलावत होते, मालकांच्या बाजूने. “पाण्याची मोटार,” ते मला हळूच म्हणाले. वाड्यात दिवा बिऱ्हाडावार होता, पण पाणी माणशी होतं. रिकाम्या खोलीत माणसं नाहीत, म्हणजे पाणी नाही, म्हणजे मालकीणबाई मोटारीचा हिस्सा भरत नव्हत्या. रक्षक आणि जिन्यातला दिवा गाळे भरलेले असोत की रिकामे, तेवढाच खर्च मागतात. तो सगळ्या जागेवर पडायला हवा, रिकाम्यासकट. डिझेल वापरणाऱ्यांमुळेच जळतं. ते वापरणाऱ्यांवरच पडायला हवं. मोठ्या करारांत हेच उलट्या वाटेने करतात. वापराप्रमाणे बदलणारा खर्च इमारत ९५ किंवा १०० टक्के भरलेली असती तर किती झाला असता तेवढा वाढवून धरायचा आणि मग पूर्ण क्षेत्राने भागायचा. ऐकायला अन्यायाचं वाटतं, पण भागाकार करून पाहिला तर ज्याने जेवढं वापरलं जवळजवळ तेवढंच त्याच्याकडे येतं.

कराराचा शब्द धरून बसले असते तर डिझेलवरही माझेच थोडे पैसे वाचले असते. पण आदल्या महिनाभर मी ज्या न्यायाचं बोलत होते, तोच न्याय इथे त्यांच्याकडे होता. डिझेल ३०,०००ने भागायला मी हो म्हटलं. माझ्या वाट्याला १४,७०० आले. मला वाटतं, त्यानंतर बैठकीतला सूर बदलला. लिफ्टचे उरलेले ८ लाख दहा वर्षांत विभागायला, म्हणजे या वर्षी फक्त ८०,००० धरायला, मालक तयार झाले, आणि त्यावर व्यवस्थापन शुल्क नाही.

मग तिथेच कागदावर मांडणी झाली. नेहमीचा खर्च ५२ लाख, त्यावर शुल्क ५,२०,०००. डिझेल बाजूला काढलं, लिफ्टचे ८०,००० मिळवले, सुपरमार्केटचे ३,६०,००० वजा केले. उरले ५०,२०,०००. भागिले ३७,०००, गुणिले १,०५०. आले १,४२,४५९. अधिक डिझेल, १,५७,१५९. मी भरलेले होते १,५१,२००. राहिले ५,९५९, जीएसटी १,०७३. एकूण ७,०३२ रुपये.

चेक तिथेच लिहिला.

एक गोष्ट मिळाली नाही. रक्षकांच्या आणि सफाईच्या बिलांवर १० टक्के व्यवस्थापन शुल्क मला अजूनही जास्त वाटतं. एजन्सीचा स्वतःचा सुपरवायझर असतो, त्याच्यावर पुन्हा देखरेख कसली? पण करारात १० टक्के लिहिलेलं आहे, खाली माझी सही आहे, आणि त्यावर मालक हलले नाहीत. सुपर बिल्टअप (जिने-लॉबीचा वाटा धरून मोजलेली जागा) आणि कार्पेटचा (भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष जागेचा) विषयही मी काढला नाही. माझी प्रत्यक्ष चालायची जागा १,०५०पेक्षा बरीच कमी आहे, पण छेदही सुपर बिल्टअपचाच आहे आणि सगळ्यांना लोडिंग, म्हणजे कार्पेटवर वाढवलेला तो वाटा, सारखं लावलंय, तेव्हा वाटणीत त्याने फरक पडत नाही. भाडं ठरवताना पडतो, ते वेगळं.

डॉक्टरांचं आणि क्लासवाल्या सरांचं बिलही याच पद्धतीने नव्याने आलं. ज्यांनी आधीच पूर्ण भरलं होतं त्यांचं काय, हे मी बैठकीत विचारलं. मालक म्हणाले, त्यांनी ६० दिवसांत लेखी दिलं तर बघू. बिलं १४ जूनची, म्हणजे मुदत १३ ऑगस्टपर्यंत होती. मी आणि सर त्या रविवारी आणि सोमवारी मजल्यामजल्यावर जाऊन सांगत फिरलो. पाच जणांनी पत्रं दिली. टेलरिंगवाल्या काकांना इंग्रजी पत्र लिहायचं अवघड वाटत होतं, त्यांचं मी लिहून दिलं. दोघं म्हणाले, मालकांशी कशाला वाकडं घ्यायचं. त्यांना मी काही बोलले नाही, कारण आदल्या वर्षी मीही न वाचताच भरलं होतं.

गणपतीच्या आधी दोन पानांचं पुरवणी पत्र झालं. वापराचे खर्च आणि कायमचे खर्च वेगळे दाखवायचे, प्रत्येकाला वेगळा छेद. दहा वर्षं टिकणारी वस्तू दहा वर्षांत विभागायची. विम्याचा दावा आला तर आधी वजा. रक्षक, सफाई, देखभाल यांत वर्षाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ लावायची नाही. वीज, डिझेल, विमा त्या मर्यादेबाहेर, कारण ते दर मालकांच्या हातात नाहीत, आणि तेही मला पटलं. तिमाहीला खर्चाचं एक पान नोटीस बोर्डावर लागतं. पहिलं ऑक्टोबरमध्ये लागलं. त्यात एक ओळ आहे, ‘रिक्त गाळे, ७,००० चौ. फूट, हिस्सा मालकाकडे’. मी तिचा फोटो काढून नानांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून वाचला आणि विचारलं, “सहीचं नाव कुठाय खाली?”

नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांकडून सही करून घेतली.